१२०० मिमीचं बाल्सा ट्रेनर किट : लाकूड घ्या, कॉम्बो राहू द्या

पुण्यातल्या हॉबी दुकानांत सध्या एक लेझर-कट बाल्सा (हलकं लाकूड) किट मिळतं : वरच्या पंखाचं, १२०० मिमी पंखविस्ताराचं, इलेक्ट्रिक मोटरवर उडणारं ट्रेनर, म्हणजे रिमोटवर उडवायला शिकायचं विमान. खोक्यावर निर्मात्याचं नाव नाही, फक्त विमानाचं चित्र आणि मापं. नुसतं लाकूड घेतलं तर तीन-साडेतीन हजारांत येतं. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार सर्व्हो (विमानाचे पट्टे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि प्रॉप (पुढचा पंखा) असा कॉम्बो घेतला तर जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. माझं मत आधीच सांगतो. डिझाइन चांगलं आहे, लाकूड बहुतेक ठिकाणी चांगलं आहे, आणि किंमत वाजवी आहे. पण पुस्तिकेत तीन महत्त्वाच्या गोष्टी गाळल्या आहेत, आणि कॉम्बोमधलं सामान या विमानाचा विचार करून निवडलेलं नाही. ते क्वाडकॉप्टरचं सामान आहे. त्यामुळे किट जरूर घ्या, पण मोटर आणि ईएससी स्वतः निवडा.

खोक्यात ३ मिमी आणि २ मिमी बाल्साच्या कापलेल्या शीट, लाइट प्लायचे फॉर्मर (धडाच्या आडव्या चौकटी), ६ x ६ मिमीचे बासवूडचे स्पार (पंखाच्या लांबीचे कणे), ३ मिमी तारेचं लँडिंग गिअर, चाकं, पुशरॉड आणि हॉर्न (सर्व्होची हालचाल पोचवणाऱ्या तारा आणि त्या अडकवायचे हुक), हिंज, पूर्ण आकाराचा प्लॅन आणि चार पानांची चित्र-पुस्तिका एवढं असतं. गोंद, टाचण्या आणि कव्हरिंग फिल्म वेगळी घ्यावी लागते. फिल्म ६० सेंमी रुंदीच्या रोलमधली २ मीटर पुरते. पहिल्यांदाच फिल्म लावणाऱ्याने ३ मीटर घ्यावी, कारण टोकांच्या गोलाईवर एखादा तुकडा वाया जातोच.

दुकानात खोकं उघडून शीट बघायला मिळत असतील तर दोन गोष्टी जरूर बघा. पहिली, शेपटीच्या शीट. बाल्साची घनता एकाच झाडात, एकाच गठ्ठ्यातही खूप बदलते. ३ मिमी जाडीची, १०० मिमी रुंद, १ मीटर लांब शीट ३५ ग्रॅमच्या आसपास भरली तर ती हलकी, ६० ग्रॅम भरली तर कठीण. स्पार आणि लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेला) कठीण लाकूड हवं, शेपटीला हलकं. या किटमध्ये नेमका तिथेच ढिसाळपणा आहे : काही खोक्यांत शेपटी कठीण, जड शीटमधून कापलेली निघते. शेपटी सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) साधारण ५५० मिमी मागे आणि बॅटरी फार तर १८० मिमी पुढे सरकते. म्हणजे शेपटीतले १० जास्तीचे ग्रॅम नाकात ३० ग्रॅम मागतात. अशी शेपटी निघाली तर तेच आकार सुट्या हलक्या शीटवर आखून नव्याने कापा, अर्ध्या तासाचं काम आहे. दुसरी गोष्ट स्पारची. चारही काड्या डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा. बाक असलेला स्पार पंखात पीळ घालतो आणि तो नंतर पूर्णपणे निघत नाही.

बाकीचं सामान पेठांमध्येच मिळून जातं. पॉलिश पेपर (२४० आणि ४०० नंबर), एम३ बोल्ट, वॉशर, टी-नट, ॲराल्डाइट रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास. एक्सटी६० कनेक्टर, सिलिकॉनची जाड वायर, हीट श्रिंक, मल्टिमीटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. प्लॅनची झेरॉक्स अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात काढून घ्या, कारण मूळ प्लॅन टाचण्यांनी आणि गोंदाने खराब होतो. पण झेरॉक्स हातात आली की लगेच पट्टी लावा. मोठ्या मशीनवर १ टक्का फरक सहज पडतो आणि ६०० मिमीच्या अर्ध्या पंखात तो ६ मिमी होतो. अशा प्लॅनवर रिब (पंखाच्या आडव्या फासळ्या) खुणेवर ठेवल्या की त्या स्पारच्या आणि शीटच्या खाचांशी जुळत नाहीत.

पंख

या किटचं खरं काम पंखात आहे आणि किटची सगळ्यात मोठी उणीवही तिथेच आहे.

सपाट पाट हवा. १८ मिमी जाडीचा, न वाकलेला प्लायचा किंवा ब्लॉकबोर्डचा तुकडा चालतो. त्यावर प्लॅन, प्लॅनवर पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. शीटमधून भाग काढण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलने नंबर टाका. रिब सारख्या दिसतात, पण मधल्या दोन रिब प्लायच्या जोडासाठी २ मिमी कमी उंचीच्या आहेत आणि त्या चुकून टोकाकडे गेल्या की शीट बसताना तिथे खळगा पडतो. भाग हाताने दाबून काढू नका. जिथे लेझरने छोटे दुवे सोडले आहेत तिथे ब्लेडने मागून-पुढून चिरा.

लेझरने जळलेल्या कडा काळ्या असतात. दोन भाग जिथे चिकटणार तिथला काळा थर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका काढावा, एक-दोन हात पुरे. जळका थर राहिला तर गोंद त्या काजळीला धरतो, लाकडाला नाही, आणि जोड दिसायला पक्का पण ताणाला कच्चा राहतो. जास्त घासलंत तर खाच सैल होते, म्हणून प्रत्येक जोड आधी कोरडा बसवून बघावा.

गोंदाबद्दल : रिब ते स्पार फेविकॉल. बोटाने पुसून घेतलेला पातळ थर, टाचण्या लावून रात्रभर. फेविक्विकने काम झटपट होतं, पण ते फट भरत नाही आणि वाळल्यावर कडक, ठिसूळ होतं. खाच अगदी घट्ट बसली असेल तिथे ठीक. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, फेविकॉलला जास्त वेळ लागतो. सकाळी कोरडा दिसणारा जोड आतून ओला असतो, म्हणून टाचण्या चोवीस तास राहू द्या.

आता शिअर वेब. वरचा आणि खालचा स्पार यांच्यामध्ये, रिब ते रिब, उभी बसणारी बाल्साची पातळ भिंत म्हणजे शिअर वेब. विमान वळतं किंवा सूर मारून वर येतं तेव्हा पंखाची टोकं वर वाकायला बघतात. वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो. दाबलेला स्पार दोन रिबमधल्या मोकळ्या जागेत बाहेर फुगतो आणि तिथेच मोडतो. वेब दोन्ही स्पारना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवतं आणि दोघांकडून एका तुळईचं काम करून घेतं. हे करायचं तर वेबचे रेषे उभे असायला हवेत, स्पारला काटकोनात. या किटमध्ये वेब कापून दिलेत, पण रेषे आडवे आहेत, आणि पुस्तिकेच्या चित्रात ते फक्त मधल्या एकेका कप्प्यात दाखवलेत. आडव्या रेषांचं वेब बोटाने दाबलं तरी रेषांवरून चिरतं. ते बाजूला ठेवा. २ मिमी बाल्साच्या शीटमधून रेषे उभे ठेवून दहा तुकडे कापा आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना पाच-पाच कप्प्यांत, स्पारच्या मागच्या अंगाला फेविकॉलने चिकटवा. दहा तुकड्यांचं मिळून वजन चार ग्रॅमही भरत नाही.

हे एवढ्यावर जोर देऊन सांगायचं कारण आकड्यांत आहे. या पंखाचं क्षेत्रफळ १२०० गुणिले २००, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. विमान ८५० ग्रॅमचं झालं तर पुण्याच्या हवेत ते ताशी साधारण २६ किलोमीटरला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख उचलत नाही. भार वेगाच्या वर्गाने वाढतो. स्टॉलच्या तिप्पट वेगाने खाली येताना घाबरून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पट्टा) पूर्ण खेचला, तर पंखावर वजनाच्या नऊपट, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास भार येऊ शकतो. नवखा पायलट नेमकं हेच करतो. वेब नसलेला पंख अशा वेळी हवेतच मिटतो, वेब असलेला वाकतो आणि परत येतो.

दोन अर्धे पंख जोडताना डायहेड्रल (टोकाकडे वर जाणारा पंखाचा कोन) प्रत्येक बाजूला ३ अंश ठेवायचा आहे. कोनमापी घेऊन बसू नका. एक अर्धा पाटावर सपाट दाबून धरा आणि दुसऱ्याचं टोक पाटापासून ६३ मिमी उचला. किटमधली ३ मिमी प्लायची जोडपट्टी त्याच कोनात कापलेली आहे आणि नीट बसते. हा जोड ॲराल्डाइटने करा, पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकाराने नको. साधं, सावकाश वाळणारं घ्या आणि रात्रभर हलवू नका. वरून ५० मिमी रुंद फायबरग्लासची पट्टी मध्याभोवती ॲराल्डाइटने गुंडाळली की पंख रबर बँडखाली दबत नाही.

टोकाला थोडा वॉशआउट, म्हणजे ट्रेलिंग एज (मागची कड) किंचित वर नेणारा पीळ, द्यावा. दोन्ही टोकांच्या ट्रेलिंग एजखाली ३-४ मिमीची पट्टी ठेवून शीट चिकटवली की साधारण एक अंश मिळतो. त्यामुळे स्टॉलला टोक आधी पडत नाही, विमान नाक खाली घालून सरळ येतं. दोन्हीकडे सारखं हवं. एकीकडे जास्त झालं तर विमान कायम एका बाजूला कलत राहील आणि ट्रिमने (रेडिओवरच्या बारीक जुळवणीने) ते फक्त एकाच वेगाला झाकलं जाईल.

धड

धड किटमधला सर्वांत सोपा भाग आहे. प्लायच्या बाजू खाचांमुळे आपोआप काटकोनात येतात, गुण्या लावून खात्री करा आणि पुढे जा. दोन जागा मात्र पुस्तिकेवर सोडू नका.

एक फायरवॉल, म्हणजे मोटर जिच्यावर बसते ती नाकातली पाटी. पुस्तिकेत ती दोन जिभांवर बसवून गोंद लावायला सांगितलंय, तेवढं पुरत नाही. मोटरची ओढ, कंप आणि नाकावर झालेलं लँडिंग हे सगळं त्या एका पाटीवर येतं. आतल्या चारही कोपऱ्यांत १० मिमीच्या त्रिकोणी बाल्साच्या पट्ट्या ॲराल्डाइटने बसवा. मोटरमाउंटचे एम३ बोल्ट मागून टी-नटमध्ये घट्ट व्हायला हवेत, लाकडात घातलेले स्क्रू काही दिवसांत ढिले होतात.

शिवाय ही फायरवॉल अगदी सरळ कापलेली आहे. सपाट पोटाच्या एअरफॉइलचं (पंखाच्या छेदाचं) ट्रेनर थ्रॉटल वाढवला की नाक वर काढतं, आणि प्रॉपच्या टॉर्कमुळे व मागे जाणाऱ्या हवेच्या पिळामुळे डावीकडे ओढतं. दोन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे थ्रस्ट दिला तर दोन्ही बऱ्याच प्रमाणात जातं. बोल्टांमधलं अंतर ३० मिमी असेल तर दोन अंशांना १ मिमी लागतो, म्हणजे अर्धा मिमी जाडीचे दोन एम३ वॉशर. वरच्या बोल्टांमागे घातले की मोटर खाली बघते, डाव्या बोल्टांमागे घातले की उजवीकडे. डावं-उजवं पायलटच्या जागेवरून, मागून बघून ठरवायचं. हे बरेचदा उलटं केलं जातं आणि मग पहिल्याच उड्डाणाला विमान डावीकडे झपकन जातं.

दुसरी जागा हवेची. नाकात हवा आत यायला भोक आहे, बाहेर जायला काहीच नाही. हवा आत शिरून तुंबली तर ती काही थंड करत नाही. पंखामागे धडाच्या पोटात आत येणाऱ्या भोकाच्या दुप्पट क्षेत्रफळाचं भोक कापा आणि ईएससी त्या वाटेत ठेवा. एप्रिल-मेमध्ये, ३८-४० अंशांच्या हवेत, याचा फरक हात लावून कळतो.

मोटर, ईएससी आणि बाकीचं

कॉम्बोमध्ये ए२२१२ प्रकारची १००० केव्हीची (प्रत्येक व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, १०४५ प्रॉप (१० इंच व्यास, ४.५ इंच पिच) आणि ३० अँपिअरचा ईएससी येतो. क्वाडकॉप्टरच्या जगात हा संच सगळीकडे आहे आणि तिथे तो बरोबरही आहे, कारण एकेका मोटरवर विमानाचं चौथाई वजन असतं आणि मोटर निम्म्या थ्रॉटलवर फिरते. या मोटरची कमाल मर्यादा १२ अँपिअर, तीही ६० सेकंदांसाठी. तीन सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर १० इंची प्रॉप पूर्ण थ्रॉटलला ही मर्यादा ओलांडतो. वॉटमीटर मध्ये जोडून दहा सेकंद बघितलं तरी आकडा डोळ्यांसमोर येतो.

दुसरं म्हणजे १० x ४.५ प्रॉपचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर, कमी आहे. मिनिटाला ८००० फेरे धरले तर पिच स्पीड सेकंदाला १५ मीटर, स्टॉलच्या जेमतेम दुप्पट. असं विमान शांत हवेत चालतं, पण वारा सुटला की समोर सरकत नाही. त्याच मोटरवर ९ x ६ चा इलेक्ट्रिक प्रॉप लावला तर भार थोडा कमी होतो आणि पिच स्पीड २१ मीटरच्या पुढे जातो, म्हणजे स्टॉलच्या तिप्पट. फक्त हा एक बदल करूनही कॉम्बोचा संच वापरण्यालायक होतो. नवं घेत असाल तर २२१७ आकाराची, ९००-१००० केव्हीची, ७० ग्रॅमच्या आसपासची मोटर घ्या. ती हीच ताकद न तापता देते. वजनात १५-२० ग्रॅमची भर पडते, पण ती नाकात पडते आणि या विमानाला ती हवीच असते.

किती ताकद लागते? ट्रेनरला किलोला १५० वॉट पुरतात, हाताने फेकून किंवा गवतावरून उडवायचं असेल तर १८० असावेत. ८५० ग्रॅमला १३० ते १५० वॉट, म्हणजे साधारण १२-१४ अँपिअर. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी इथली हवा प्रमाण हवेपेक्षा १४ टक्के विरळ असते. पंखही कमी उचलतो, प्रॉपही कमी ओढतो. खोक्यावरचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

कॉम्बोमधला ईएससी मल्टिरोटरसाठीचा आहे. असल्या ईएससीत बॅटरी उतरल्यावर मोटर कमी करायची सोय बहुधा बंद असते, आणि मग लायपो खलास होईपर्यंत मोटर फिरत राहते. विमानासाठीचा ईएससी घ्या, कट-ऑफ आणि ब्रेक दोन्ही सेट करता येणारा. पहिल्यांदा जोडताना थ्रॉटलचं कॅलिब्रेशन करा : प्रॉप काढून ठेवा, स्टिक पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप आले की स्टिक खाली. त्याचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा भाग) लिनिअर असेल तर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना प्रत्येक अँपिअरला ७ वॉट उष्णता होते. चार छोट्या सर्व्होंना तो पुरतो, पण एखादा पुशरॉड अडकून सर्व्हो गुणगुणत राहिली तर पुरत नाही. म्हणून प्रत्येक सरफेस (हलता पट्टा) टोकापासून टोकापर्यंत मोकळा फिरतो का ते नीट बघा.

सर्व्हो एसजी९० प्रकारच्या, ९ ग्रॅमच्या, प्लॅस्टिकच्या गिअरच्या आहेत. एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांना) चालतात. लावण्याआधी प्रत्येक सर्व्हो टेस्टरवर फिरवा आणि ती दोन्ही बाजूंनी येऊन त्याच मध्यावर थांबते का बघा. जी थांबत नाही ती एलेव्हेटरला लावू नका. एलेव्हेटरला धातूच्या गिअरची सर्व्हो घेतली तर बरं, चारेक ग्रॅमचाच फरक आहे.

रेडिओ कॉम्बोत येत नाही. नवख्याला फ्लायस्कायचा एफएस-आय६ आणि त्याबरोबरचा एफएस-आयए६बी रिसीव्हर पुरेसा आहे : सहा चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झ, चार एए सेल. फेलसेफ स्वतः सेट करावा लागतो. सिग्नल गेला की थ्रॉटल शून्यावर यायला हवा. प्रॉप काढून, मोटर चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करून बघा. मोटर थांबली नाही तर विमान मैदानावर नेऊ नका.

बॅटरी ३ सेल, २२०० एमएएच, १८० ग्रॅमच्या आसपास. १सी म्हणजे २.२ अँपिअरने चार्ज करा, बॅलन्स लीड लावूनच. भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट, उतरल्यावर विश्रांतीत ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका. ८० टक्के वापरायची ठरवली आणि सरासरी ८ अँपिअर धरले तर १३ मिनिटं मिळतात. टायमर सुरुवातीला आठवर ठेवा, म्हणजे दोन-तीन वेळा लँडिंग चुकवायची मुभा राहते. पावसाळ्यात उड्डाण बंद असतं, तेव्हा बॅटरी ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवून द्या. भरलेली बॅटरी चार महिने कपाटात राहिली तर फुगते. आणि उन्हात उभ्या गाडीत लायपो ठेवू नका.

फिल्म आणि जुळवणी

फिल्मसाठी घरातली इस्त्री चालते, पण तिचा काटा विश्वासाचा नाही. १०० ते १२० अंशांच्या दरम्यान फिल्म चिकटते, १५० च्या आसपास आक्रसते. ब्रँडप्रमाणे हे बदलतं, म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी बघा. लाकूड कोरडं असताना फिल्म लावा. दमट पावसाळी दिवसांत फुगलेल्या बाल्सावर लावलेली फिल्म ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सैल पडते, कारण खालचं लाकूड आक्रसलेलं असतं. आक्रसवताना पंखाला वरून-खालून आळीपाळीने इस्त्री फिरवा आणि मागून बघत राहा, पीळ तिथेच कळतो आणि तिथेच हाताने उलटा पिळून गरम करून काढता येतो.

खोक्यावर ८०० ग्रॅम लिहिलंय. हात राखून गोंद लावला तर ८२० ते ८५० होतात. ९०० वर गेलं तरी विमान उडतं, फक्त लँडिंग जरा वेगात होतं.

सीजी लीडिंग एजपासून ५६ ते ६० मिमी मागे. पहिल्या उड्डाणाला ५६ ठेवा. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपटी जड असलेलं हाताबाहेर जातं. बॅटरी सरकवून जमत नसेल तरच शिसं घाला. पट्ट्यांची हालचाल अशी ठेवा : एलेव्हेटर वर-खाली १० मिमी, रडर (शेपटीचा उभा पट्टा) २० मिमी, एलेरॉन वर १२ आणि खाली ८. एलेरॉन दोन्हीकडे सारखे ठेवले तर वळताना खाली गेलेला एलेरॉन जास्त ओढ धरतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. हिंजच्या प्रत्येक बाजूला पातळ सायनोचे (फेविक्विकसारख्या गोंदाचे) तीन-चार थेंब, मग प्रत्येक सरफेस हाताने ओढून बघा. पंख धडाला रबर बँडने बांधायचा आहे : सहा ते आठ, शेवटचे दोन तिरके, फुलीसारखे. कडक उन्हात ठेवलेले बँड तडकतात, म्हणून दर वेळी ताणून तपासा.

कुठे उडवायचं, हे किट घेण्याआधीच ठरवा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅम ते २ किलोचं विमान 'मायक्रो' वर्गात येतं. मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे नियम लागू राहतात. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि शहराचा मोठा भाग त्याच्या परिघात येतो. शिवाय पोलिसांचे मनाई आदेशही अधूनमधून निघतात. सोसायटीचं मैदान किंवा टेकडी हा पर्याय नाहीच. सरकारी हवाई नकाशावर हिरवा भाग बघा आणि आधीपासून उडवणाऱ्यांच्या गटाबरोबर जा. सकाळी नऊच्या आत वारा पडलेला असतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. पहिली काही उड्डाणं जाणत्या माणसाच्या हातात द्या.

सुट्या भागांबाबत हे किट विकणारी दुकानं बरी आहेत. पंखाच्या रिबची शीट वेगळी मिळते, ती किट घेतानाच एक जास्तीची घेऊन ठेवा. नायलॉनचे ९ x ६ चे तीन प्रॉपही घ्या. आणि लँडिंग गिअर किटमध्ये दिलेल्या लोखंडी एम४ बोल्टांनी बसवू नका, त्याच मापाचे नायलॉनचे बोल्ट लावा. चाक खड्ड्यात अडकलं तर नायलॉनचा बोल्ट तुटतो आणि दहा रुपयांत काम होतं. लोखंडी बोल्ट तुटत नाही, तो धडाच्या तळाची प्लेट फॉर्मरसकट उखडून काढतो.